चांगल्या बातम्यांचं घर

बोट निघण्याच्या आधीच्या रविवारी मॅकआस्किलांच्या घरी सगळे एकत्र जेवत, आणि त्या जेवणात परतीचा विषय कुणी काढत नसे. 'परत आलीस की करू' असं चुकून जरी कुणाच्या तोंडून निघालं, तरी एफी आत्या मिठाची बशी पुढे सरकवून भलतंच काही विचारी. ही रीत लुईस बेटावरची, मर्डोचे वडील मासेमारीला जात तेव्हापासूनची. पुढे मर्डो नौदलात पाणबुडीवर गेला, त्याच्यामागून त्याची मुलगी मोराग गेली. मासे सुटले, बेट सुटलं. रीत तेवढी घराला चिकटून राहिली.

आत्याने सूप शनिवारीच करून ठेवलं होतं. जवाचं, मटणाच्या हाडांवर उकळलेलं. बटाटेही आदल्या दिवशी सोलून पाण्यात बुडवलेले. रविवार देवाचा, त्या दिवशी ती सुरी हातात धरत नसे, पेपर उघडत नसे, भरतकामाला शिवत नसे. चर्चमधून येऊन तिने टोपी काढली, गुडघे दाबत खुर्चीवर बसली आणि भावाकडे पाहिलं. मर्डो खिडकीशी त्याच्या नेहमीच्या जागी होता. खाली लॉखचं, डोंगरांत शिरलेल्या खाडीचं, पाणी करड्या काचेसारखं पडलेलं. त्याचा उजवा हात मांडीवर थरथरत होता आणि डावा हात त्याला दाबून धरत होता, वात्रट पोराला धरून बसवावं तसा.

"आत्या, सूप काल जास्त चांगलं लागलं असतं," टॉर्मड म्हणाला. तो मोरागचा धाकटा भाऊ. बायकोला, लिंडसेला, घेऊन सकाळीच पर्थहून गाडीने आला होता.

"काल आला असतास तर मिळालं असतं."

"काल फुटबॉल होता."

"मग आज देवाचे आभार मान आणि गरम आहे तोवर खा."

आत्याने प्रार्थना म्हटली. तिचा आवाज बारीक, पण प्रार्थनेत कुठेही घाई नाही. 'समुद्रावरच्या सगळ्यांना' हे शब्द आले तेव्हा मोरागने डोळे उघडून वडिलांकडे पाहिलं. ते तिच्याकडेच बघत होते. दोघांनी पुन्हा डोळे मिटले.

मग आठवडे वाटून घ्यायची वेळ आली. बोट पाण्याखाली गेली की दोन-तीन महिने तिचा पत्ता कुणाला नसतो. आतून बाहेर एक शब्द जात नाही. बाहेरून आत मात्र आठवड्यातून एकदा घरचा निरोप पोचतो. मोजकेच शब्द, आणि त्यांत वाईट काही लिहायचं नाही. लिहिलंच, तर तळावरची माणसं ते पुढे जाऊ देत नाहीत. म्हणून या टेबलावर कुणी कोणत्या आठवड्याला लिहायचं ते ठरायचं, घरातली कामं वाटावीत तसं.

"पहिला आठवडा माझा," टॉर्मड म्हणाला.

"तू नुसता फुटबॉल लिहितोस," मोराग म्हणाली. "मागच्या खेपेला अख्ख्या बोटीने तो निरोप वाचला. मीच तेवढा वाचला नाही."

"मग काय लिहू? लिंडसेची आई राहायला आलीय, हे? ते वाईट बातमीत धरतात."

लिंडसेने त्याला कोपराने ढोसलं, पण ती हसली नाही. मोरागच्या ते लक्षात आलं. एरवी लिंडसे अशा जागी सासरच्यांवर दोन वाक्यं जास्तच टाकायची. आज आल्यापासून ती कपबशा उचलत होती, पडदे सारत होती, कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हती.

"दुसरा माझा," आत्या म्हणाली. "आणि चौथाही मीच लिहीन. मर्डोला... मर्डोला तेव्हा जमेल न जमेल."

"का नाही जमणार? दर वेळी दुसरा बाबांचा असतो. ते सांगतात, तू लिहितेस."

"या वेळी चौथा," मर्डो म्हणाला, आणि त्याने चमचा उचलला. चमचा अर्ध्या वाटेवर उडाला. सूप शर्टावर सांडलं, मनगटावरून बाहीत गेलं.

"मी बदलते," आत्या उठली. गुडघ्यांनी तिला एवढ्या चपळाईने उठू कसं दिलं कोण जाणे.

"बस आत्या, मी नेतो," टॉर्मडही उठला.

"अरे, मी आहे ना इथे. घरात फुकटची नर्स आहे ती कधी कामी येणार?" मोराग म्हणाली. बोटीवर दीडशे माणसांची दुखणी तीच बघायची. वडिलांचा शर्ट बदलणं तिला काय जड होतं? पण तिघांनी एकमेकांकडे जे पाहिलं ते तिला दिसलं.

मागच्या खोलीत तिने मर्डोला पलंगाच्या कडेवर बसवलं. गुंड्या काढल्या. शर्ट खांद्यावरून उतरवला, आणि तिचे हात थांबले. डाव्या बरगड्यांवर तळहाताएवढा डाग होता, पिवळा पडत चाललेला, कडेला हिरवट. कमरेजवळ दुसरा, अजून निळाजांभळा.

"हे काय, बाबा?"

"कपाटाचा कोपरा लागला."

"दोनदा?"

"कपाट मोठं आहे."

तिने बोटांनी बरगड्या चाचपल्या. त्याने श्वास रोखला, पण तोंडातून आवाज काढला नाही. बोटीवरचे लोक असेच करत. शिडीवरून घसरायचे, आणि विचारलं की म्हणायचे, झोपेत लागलं असेल. तिला राग यायला हवा होता. आला तो एक जुना थकवा. पिवळा डाग दोन-तीन आठवड्यांचा असावा. त्या दिवसांत ती पाण्याखाली नव्हती. डोंगरापलीकडे तळावर होती, औषधांची खोकी मोजत. दर दोन दिवसांनी घरी येत होती, आणि बाबांची आंघोळ आधीच उरकलेली असायची.

तिने खणातून धुतलेला शर्ट काढला. कॉलरच्या आत बोटाला काही लागलं. पांढरी फीत, आणि तिच्यावर निळ्या दोऱ्याने बारीक टाके: म. मॅकआस्किल. आत्याचाच हात. तिने दुसरा शर्ट उलटून पाहिला. त्यातही होतं. पायजम्यात होतं, बनियनमध्ये होतं. एकेका मोज्याच्या तोंडाशीसुद्धा होतं.

बोटीवर सगळ्यांच्या कपड्यांवर नाव असतं. एकाच यंत्रात धुतात ना. पण बाबा तर घरी राहतात. या घरात दुसरं कुणाचं धुणं त्यांच्या धुण्यात मिसळणार होतं?

"बाबा."

मर्डो खिडकीकडे बघत होता. या खोलीच्या खिडकीतून फक्त शेजाऱ्यांची भिंत दिसायची. "थंडी वाजतेय," तो म्हणाला. "घाल लवकर."

तिने त्याला शर्ट घातला. बाह्या नीट केल्या, केस मागे सारले, हाताला धरून टेबलाशी आणून बसवलं. मग एक मोजा आत्यापुढे ठेवला, नाव वर करून.

"ही नावं कशाला शिवलीस आत्या?"

आत्याने मोज्याकडे पाहिलं नाही. मांडीवर हात जोडून बसली. "आज रविवार आहे, मोराग. आज विचारू नकोस गं."

"का?"

"आज विचारलंस तर खरं सांगावं लागेल."

कुणीतरी हसायला हवं होतं. टॉर्मडने पाव तोडायला घेतला आणि तो तोडतच राहिला.

"मी सांगते," लिंडसे म्हणाली.

"लिंडसे, आपलं ठरलंय ना?"

"तुमचं ठरलंय, टॉर्मड. मी फक्त गाडीत बसून ऐकलं." ती मोरागकडे वळली. "बाबा दोनदा पडलेत. एकदा इथेच, चुलीजवळ. आत्यांना उचलता येईना, म्हणून त्या त्यांच्या डोक्याखाली उशी ठेवून शेजारी जमिनीवर बसल्या. शेजारचे चर्चमधून परत येईपर्यंत दोघं तशीच. दुसऱ्यांदा न्हाणीघरात. डम्बार्टनच्या वृद्धाश्रमात जागा मिळालीय. तुझी बोट निघाली की दुसऱ्या दिवशी त्यांना तिथे न्यायचंय."

मोरागच्या कानांत क्षणभर तोच आवाज भरला, जो बोटीचं वरचं झाकण बंद होताना भरायचा.

"आणि मला काय लिहिणार होतात?"

मोराग भावाकडे वळली.

"टॉर्मड, पहिला आठवडा तुझा ना? काय लिहिणार होतास?"

"बाबा मजेत आहेत," तो खाली बघत म्हणाला. "खिडकीतून पाणी बघत बसतात."

"टॉर्मड!"

"दिसतं तिथून पाणी! मी स्वतः जाऊन पाहिलं. क्लाइड नदी दिसते, जहाजं दिसतात. खोटं नव्हतं ते." त्याचा आवाज चढला आणि लगेच बसला. "मी काय करू, मोराग? मी पर्थला. आत्याचं वय बघ. तू तिकडे गेलीस की तुझं घर बंद, कान बंद, सगळं बंद. मागे राहतं ते आमच्या अंगावर पडतं, आणि आम्ही मात्र आनंदाचं लिहायचं. आईच्या वेळीही आम्हीच..."

तो थांबला. आईचं नाव या जेवणात कुणी घेत नसे.

आई, इश्बेल, गेली तेव्हा मोराग कुठल्याशा समुद्राखाली होती. निघण्याआधी प्रत्येकाला विचारतात, घरी काही बरंवाईट झालं तर बोटीवर कळवायचं, की परत आल्यावर? ती 'परत आल्यावर' म्हणाली होती. मर्डो जन्मभर तेच म्हणत आला होता. त्याची आई गेली तेही त्याला धक्क्यावर पाय ठेवल्यावरच कळलं होतं. परतीच्या शेवटच्या दिवशी कप्तानाने मोरागला आपल्या खोलीत बोलावलं, दार लावलं, स्वतः उभा राहिला आणि तिला बसायला सांगितलं. त्याने तोंड उघडण्याआधीच तिला कळलं होतं.

"माझ्या सांगण्यावरून झालंय हे," मर्डो म्हणाला. त्याचा आवाज हल्ली कमी झाला होता, सगळ्यांना पुढे वाकून ऐकावं लागे. "पोरांना बोलू नकोस. जागा मी मागितली. तू निघाल्यावर न्या, हेही मीच सांगितलं."

"का?"

"डोक्यात घर घेऊन बोटीवर जाऊ नये. तिथे तुझ्या हातात दुसऱ्यांचे जीव असतात. तुझी आई गेली त्या आठवड्यात तू कुणाचं तरी अपेंडिक्स सांभाळलंस, किनाऱ्यावर न येता. कळलं असतं तर सांभाळलं असतंस?"

"त्या आठवड्यात आत्याचा निरोप आला होता," मोराग म्हणाली. "बागेत डॅफोडिल फुललेत, शेजाऱ्यांची बकरी ती खाऊन गेली. मी वाचून हसले, बाबा. मोठ्याने. सगळ्यांना वाचून दाखवलं. तेव्हा आईला पुरून दोन दिवस झाले होते."

आत्याने डोळे मिटले. "बकरी खरीच आली होती," ती हलकेच म्हणाली. "मी त्यातलं एकही अक्षर खोटं लिहिलं नाही. देवाला रोज हेच सांगते. तो काही बोलत नाही."

"अहो पण, तेव्हाचं एक वेळ समजू शकते मी," लिंडसे म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. या घरात इतकं गंभीरपणे ती पहिल्यांदाच बोलत होती. "तेव्हा ती पाण्याखाली होती. पण आत्ता? बाबा पडले तेव्हा ती डोंगराच्या पलीकडे होती, फोन खिशात घेऊन! तुम्ही लोक तिला घरात असतानाही निरोपच पाठवता. ती समोर बसलेली असते, आणि तुम्ही म्हणता, सगळं ठीक."

टॉर्मडने बायकोकडे पाहिलं. मग हळूच खुर्ची तिच्या बाजूला सरकवली. ते मोरागला दिसलं, आणि आत्यालाही.

"तळावर माहीत आहे का गं?" लिंडसेने विचारलं. "तू बाबांना सांभाळतेस ते?"

"मी कुठे सांभाळते? मी त्यांची मुलगी आहे."

"दाढी कोण करतं त्यांची? गोळ्यांच्या डब्या कोण भरतं? दोन दिवसांची सुट्टी मिळाली की आंघोळ कोण घालतं, डॉक्टरांशी कोण भांडतं? आमच्या शाळेत आम्ही पोरांना विचारतो, घरी कुणाला सांभाळता का रे? सगळी नाही म्हणतात. मग एक दिवस कळतं, एखादी पोर आईला जेवू घालून, कपडे बदलून मग शाळेत येते. तिला ते सांभाळणं वाटतच नाही."

तळावर मोरागला विचारलं होतं. प्रत्येक खेपेआधी विचारत. तिची वरची अधिकारी हॅलॅम समोर बसायची, साधा चेहरा करून म्हणायची, घरी कुणाची जबाबदारी आहे? आणि मोराग म्हणायची, नाही मॅडम, सगळं ठीक. कुणी तिला तसं म्हणायला लावलं नव्हतं. झाकण बंद झालं की तिच्या आत एक शांतता पसरायची, आणि तिला ती हवी असायची, हे या टेबलावर कुणाला ठाऊक नव्हतं. तिथे फोन वाजत नसे. तिथे प्रत्येक दुखण्याला औषधाचा एक खण होता, आणि जी दुखणी त्या खणात बसत नसत ती तिच्यापर्यंत पोचत नसत. घरी, या खिडकीशी, ती कितीही माणसांत एकटी पडायची. बोटीवर नाही.

"उद्या मी हॅलॅमना सांगते," ती म्हणाली. "या खेपेला मी जाणार नाही."

"जाशील," मर्डो म्हणाला.

"नाही, बाबा."

"माझ्या पायी या घरातून कुणी बोट सोडलेली नाही. माझ्या बापासाठी मी सोडली नाही. तुझ्या आईसाठीसुद्धा नाही." हात आता टेबलावर थरथरत होता आणि चमचे किणकिणत होते. "तू गेली नाहीस तर माझ्याशी बोलू नकोस."

आत्याने मिठाची बशी पुढे सरकवली. पण काय विचारावं ते तिला सुचलं नाही. ती हात तिथेच ठेवून बसली.

सोमवारी सकाळी हॅलॅमने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच उठून दार लावलं.

"दर वेळी विचारलं मी तुला," ती म्हणाली.

"हो मॅडम."

"रागावत नाहीये. मला वाटायचं, हिला कुणीच नसेल. एवढी निवांत जाते." तिने चहाचा कप मोरागपुढे केला. "या खेपेतून तुझं नाव काढते. तळावरच्या दवाखान्यात माणूस हवाच आहे. संध्याकाळी घरी जाशील, रात्री बाहेर पाठवणार नाही. वर्षभराने बसून पुन्हा बोलू. बढती थांबेल. रद्द होणार नाही, एवढं मी बघते."

"माझ्या जागी?"

"प्रिचर्ड. दुसऱ्या बोटीवरून येईल."

चहा संपायच्या आत ते झालंसुद्धा. हॅलॅमने एक फोन केला, चार वाक्यं बोलली, आणि मोरागची जागा भरली. तिचा बिछाना, खण, औषधांच्या किल्ल्या. मोरागला वाटलं होतं, निदान थोडी ओढाताण होईल.

"बुधवारी दुपारी वरच्या खोलीत चहाला येत जा," हॅलॅम म्हणाली. "तुझ्यासारखे आणखी आहेत इथे. एकाची बायको अंथरुणाला खिळलीय. एकीचं पोर बोलत नाही. बसतात, बोलतात. कधी नुसतेच बसतात."

"बरेच आहेत?"

"मला कसं कळणार? विचारलं की सगळे नाहीच म्हणतात."

ती घरी आली तेव्हा मर्डोने तोंड फिरवलं. तिला वाटलं होतं, एक दिवस टिकेल, फार तर दोन. पण आठवडा सरत आला तरी तो बोलला नाही. दाढी करू द्यायचा, डोळे मिटून. गोळ्या तळहातावर घ्यायचा आणि भिंतीकडे बघत गिळायचा. आत्या रोज संध्याकाळी त्याच्या खोलीत येऊन स्तोत्र वाचायची. 'आमेन' तेवढं तो तिच्याबरोबर म्हणायचा आणि पुन्हा गप्प. मोराग घरात होती, भांडी घासत होती, चादरी बदलत होती, आणि आपणच आपल्या घरी पाठवलेली कुणी परकी बाई असल्यासारखं तिला वाटत होतं. टॉर्मडचा फोन रोज यायचा. डम्बार्टनची जागा त्याने अजून सोडली नव्हती, हातची ठेवली होती. "बोलले का?" तो विचारायचा. "नाही," ती सांगायची. पूर्वी तिने 'ठीक आहे' म्हटलं असतं.

बुधवारी ती वरच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन आली. आतून हसण्याचा आवाज आला, आणि तिचा पाय पुढे पडला नाही.

बोट निघाली ती सकाळ स्वच्छ होती. मोरागने मर्डोला उठवून खुर्चीत बसवलं, खुर्ची खिडकीशी सरकवली. तो नको म्हणाला नाही. आधी ओढणाऱ्या नावा दिसल्या, मग पोलिसांची होडी, आणि त्यांच्या मधून काळी, बुटकी, पाण्यात अर्धी बुडालेली बोट हळूहळू लॉखच्या अरुंद तोंडाकडे सरकू लागली. पाठीवर माणसं रांगेत उभी होती. एवढ्या लांबून चेहरे दिसत नव्हते, पण उभं राहण्याच्या ढबीवरून तिने दोघा-तिघांना ओळखलं. सुई बघून घेरी येणारा तो उंच पोरगा. त्याच्याबद्दल प्रिचर्डला सांगायचं तिच्याकडून राहूनच गेलं होतं.

ती बोट जाताना मोराग बाहेरून पहिल्यांदाच बघत होती. तिच्या आत असताना कधी वाटलं नव्हतं, की ती इतक्या गुपचूप जाते. कुणी हात हलवला नाही. काठावर एक बाई कुत्र्याला फिरवत होती, तिने मान वळवूनही पाहिलं नाही.

"लहान दिसते," मर्डो म्हणाला.

तिने वळून पाहिलं नाही. पाहिलं तर तो पुन्हा गप्प होईल अशी भीती वाटली.

"हो. इथून लहान दिसते."

बोट वळली. मागे पाण्यावर पांढरी रेघ उरली, तीही विरत गेली.

"मला गिळायला त्रास होतो," तो म्हणाला. "बरेच दिवस झाले. पाणीसुद्धा चुकीच्या बाजूला जातं. एफीला सांगितलं नाही."

मोरागला त्याचा अर्थ कळत होता. या कंपवातात ते कधी सुरू होतं आणि पुढे कुठे जातं, हे तिने वाचलं होतं. तिच्या ओठांवर तयार वाक्य आलं, बोटीवर माणसांना धीर द्यायला ती वापरायची ते. तिने ते गिळून टाकलं.

"डॉक्टरांना आजच फोन करते," ती म्हणाली. "त्रास वाढेल, बाबा. पण खाणं पातळ-दाट करून बघता येतं."

"वाढेल," त्याने मान हलवली. जणू कुणीतरी पहिल्यांदा त्याच्याशी नीट बोललं होतं. हात थरथरत होता. या वेळी दुसऱ्या हाताने त्याला धरलं नव्हतं.

"डम्बार्टनला मला जायचं नव्हतं. मी तसं कुणाला म्हटलं नाही."

"आता म्हणालात."

"तरी कदाचित जावं लागेल."

"कदाचित," ती म्हणाली. "गेलात तर मी नेऊन सोडेन. मला माहीत असेल."

त्याने पाण्याकडे पाहिलं. तिथे आता काहीच नव्हतं.

"आणखी आहे," तो म्हणाला. "पण तुला कामावर जायचं असेल."

"दुपारी जायचंय."

तिने स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून आणली आणि त्याच्याशेजारी, खिडकीकडे तोंड करून बसली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मर्डो बोलू लागला, आणि त्याचा आवाज ऐकू यावा म्हणून तिला त्याच्या खांद्याला खांदा लावून वाकावं लागलं.